आबा, तुमी वाचा

लहूचं पत्र पाडव्याच्या सुमारास आलं होतं आणि जोतीरामआबांनी त्याचं उत्तर दिलं नव्हतं. द्यायचंच नाही असं काही त्यांनी ठरवलं नव्हतं. ठरवणं हा त्यांचा स्वभावच नव्हता. उद्या लिहू, जरा नीट शब्द सुचू देत, असं म्हणता म्हणता उन्हाळा गेला, आखाड गेला, गणपती बसले आणि उठले. पत्र आपलं देवळीत, चष्म्याच्या घराखाली. चष्मा घालताना दिसायचं, काढताना दिसायचं.

पत्र लहानच होतं. "आबांस लहूचा नमस्कार. हात अजून पुरता वळत नाही. मी बारामतीस खोली घेऊन राहतो, हे कळले असेलच. माझी फिर्याद रद्द करावी म्हणून सर्जेरावांनी मुंबईच्या हायकोर्टात अर्ज केला आहे. त्यात लिहिले आहे की त्या वेळी आम्ही दोघेच होतो, तिसरे कोणी नव्हते, आणि पुढे बिरोबासमोर आमची समजूत झाली. आबा, तुम्ही तिथे होता की नव्हता? एवढेच दोन ओळींत कळवा. बाकी काही मागत नाही."

दोन ओळी. सारा जन्म ओळी वाचण्यात गेलेल्या माणसाला त्या दोन ओळी लिहिता येईनात.

वाडी इंदापूर तालुक्यातली, उजनीच्या पाण्याच्या कडेची. आबांच्या आज्यापर्यंत घरात मेंढरं होती, बापाच्या काळात नांगर आला, पुढं ऊस आला. आबांना मेंढरंही जमली नाहीत आणि ऊसही बेताचाच जमला. त्यांनी बिरोबाच्या देवळाशेजारच्या खोलीत वाचनालय चालवलं, एवढंच. गावात त्यांच्या नावानं एक गोष्ट सांगत. पोरवयात आबा मेंढरांमागं गेले, झाडाखाली पुस्तक घेऊन बसले आणि सगळा कळप शेजाऱ्याच्या हरभऱ्यात शिरला. आजा काठी घेऊन धावत आला, तर आबांनी मान वर करून त्यालाच विचारलं, "मेंढरं कुणाची म्हणायची ही?" तेव्हापासून आबा हाकेला ओ देईनात की लोक म्हणत, "आबा पुस्तकात गेला." आबाही हसत. हसून घेतलं की माणसं पुढं विचारत नाहीत, हे त्यांना लवकर कळलं होतं.

लहू मातंग वस्तीतला. वाचनालयात नेमानं येणारा. नेलेलं पुस्तक परत देताना त्याला जुन्या वर्तमानपत्राचं कव्हर घालून द्यायचा. असा गावात तो एकटाच.

सोसायटीची पाण्याची योजना होती. धरणाच्या फुगवट्यातून पाणी उचलायचं आणि पाइपानं वाडीच्या रानात आणायचं. ज्याची पाळी त्यानं व्हॉल्व्ह उघडायचा. दुसऱ्यानं त्याला हात लावायचा नाही. लहूचं रान दीड एकर, पण सभासद तोही होता. शहाण्णव सालच्या माघात, त्या सकाळी पाळी लहूची होती आणि त्याच्यामागं आबांची. म्हणून आबा पंपाच्या खोलीत रिकाम्या पोत्यावर पुस्तक घेऊन बसले होते. ऑपरेटर बिरू विडी ओढायला बांधाला गेला होता. खोलीचं दार सताड उघडं, दाराबाहेर व्हॉल्व्हचा सिमेंटचा चेंबर आणि त्याला लागूनच गाडीवाट.

सर्जेराव आला तो तणतणतच. आबांच्या थोरल्या भावाचा मुलगा, सोसायटीचा चेअरमन. त्याच्या उसाला पाण्याचा ताण बसला होता. त्यानं वाकून लहूचा व्हॉल्व्ह बंद केला.

"चेअरमन, माजी पाळी दुपारपत्तुर हाय," लहू म्हणाला.

एवढंच म्हणाला. त्यावर सर्जेरावनं त्याची जात काढली. ज्या शब्दानं काढली तो शब्द आबांनी गावात लहानपणापासून ऐकलेला होता, पण असा चावून थुंकलेला नव्हता. "तुमच्या जातीनं पाणी मागून घ्याचं. उघडून न्हाय!" आणि हातातल्या खोऱ्याचा दांडा लहूच्या मनगटावर बसला.

आबा उठून दारात आले होते. हातात पुस्तक, पानात बोट. लहू मनगट धरून चेंबरशी खाली बसला होता. सर्जेरावनं मान वळवली, चुलत्याला पाहिलं, आणि त्याचा आवाज एकदम खाली आला. घरात चुलत्याशी बोलायचा तोच, अदबीचा.

"आबा, तुमी वाचा."

आणि आबा आत जाऊन पोत्यावर बसले. त्यांनी पुस्तक उघडलं. त्या पानावर काय लिहिलं होतं, हे त्यांना पुढं कधीच आठवलं नाही.

फिर्याद झाली. जातीवरून शिवीगाळ आणि मारहाण. इंदापूरहून हवालदार आला, तेव्हा सर्जेरावला अजून अटक झाली नव्हती आणि तो हवालदाराला चहा सांगत होता.

"आबा, तुम्ही काय करत होता त्या वेळी?"

"वाचत होतो," आबा म्हणाले.

हवालदार हसला. हरभऱ्याची गोष्ट त्याच्याही कानावर कुणीतरी घातली असावी. "मग काही ऐकलं का नाही?"

आबांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतला. काच स्वच्छ होईपर्यंत हवालदाराचं लिहून झालं होतं. बिरूनं तर आपण बांधाला पाठमोरे बसलो होतो, असं आधीच सांगून टाकलं होतं.

सर्जेरावला अटक झाली, काही दिवसांनी तो जामिनावर सुटून आला आणि थेट आबांकडं येऊन बसला. तोंड उतरलं होतं. "आबा, चुकलं माजं. मिटवा तुमी. तुमच्या शब्दाभाईर हाय का मी?"

मिटवायची रीत आबांना ठाऊक होती. भाऊबंदांत बांधावरून भांडण झालं की दोघांना बिरोबासमोर उभं करायचं आणि वडीलधाऱ्यानं दोघांच्या कपाळी भंडारा लावायचा. एकदा ती हळद लागली की त्या भांडणाचं कुणी नाव काढायचं नाही. काढील त्याचं देव बघून घेईल. अशी भांडणं आबांनी मिटवली होती, आणि मिटवल्यावर ती खरोखरच मिटली होती. त्यांना बरं वाटलं. आपल्या हातून होण्यासारखं काहीतरी निघालं म्हणून त्यांनी घाईनंच लहूला निरोप धाडला: सर्जेराव माफी मागतोय, ये.

लहू आला. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. "तुमी बोलावलं म्हणून आलो, आबा," म्हणाला.

माफी कुणी मागितली नाही. सर्जेराव म्हणाला, "झालं गेलं बिरोबाला वाहिलं." आबांचा हात तोवर भंडाऱ्यात गेलेला. घेतलेली चिमूट मध्येच खाली कशी टाकायची, ते त्यांना सुचलं नाही. त्यांनी ती लहूच्या कपाळी लावली, दुसरी सर्जेरावच्या. सर्जेरावनं लहूच्या खांद्यावर हात टाकला आणि तेवढ्यात भिगवणच्या फोटोग्राफरनं फोटो काढला. फोटोग्राफर इथं कसा, हेही आबांनी विचारलं नाही.

फोटोची एक प्रत सर्जेरावनं वाचनालयाला आणून दिली. तो हातात घेतल्यावर आबांना दिसलं. रीत भावाभावांची होती. तिथं दोघंही 'मी नाही लावून घेत' म्हणू शकतात, म्हणून तर लावून घेण्याला किंमत. लहूला ते म्हणायची सोयच नव्हती. देऊळ त्यांचं, पाणी त्यांचं, बोलावणारा त्यांचाच. फोटोत लहू खाली पाहत होता.

तोच फोटो पुढं मुंबईच्या अर्जाला जोडला गेला. आणि पाडव्याला लहूचं पत्र आलं.

दिवाळी झाली आणि सर्जेराव जीप घेऊन दारात आला. "आबा, बारामतीला जाऊन येऊ. वकीलसायबांनी बोलावलंय."

वकीलसाहेब गोड बोलणारे होते. त्यांनी आबांना पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं. "हे बघा आबा, कायदा काय म्हणतो? जातीवरनं बोललं ते चारचौघांदेखत बोललं पाहिजे, लोकांसमक्ष. दोघांतच झालं, तिसरा कुणी ऐकायला नाही, तर हे कलम बसत नाही. त्याच मुद्द्यावर आपण अर्ज केलाय. आता पुढच्या महिन्यात सुनावणी. मुंबईचे वकील म्हणतात, समजुतीचा फोटो आहे तर ज्यांनी समजूत घातली त्यांचं प्रतिज्ञापत्र जोडा. मी तयार करून ठेवलंय. तुम्ही घटनेच्या वेळी तिथं नव्हता. भांडण पाण्याचं होतं. जातीचा शब्द निघाला नाही, असं फिर्यादीनं देवळात तुमच्यासमोर कबूल केलं. बस."

"मी होतो," आबा म्हणाले.

"आं?"

"तितं... खोलीत होतो मी."

सर्जेराव मोठ्यानं हसला. "होता! पर पुस्तकात होता. सायेब, आमचा आबा पुस्तकात गेला म्हंजी गेला. मेंढरं हरभऱ्यात शिरली तर ह्यो आज्यालाच इचारतोय, मेंढरं कुणाची म्हणून!"

वकीलसाहेब खो खो हसले. आबाही हसले, सवयीनं. आणि हसता हसता त्यांच्या मनात आलं: खरंच असेल की. आपण ऐकलं तरी का? की वाचलेल्या कुठल्याशा गोष्टीतलं त्या सकाळीत मिसळून बसलोय? आपल्यासारख्याच्या सांगण्यावर मुंबईच्या कोर्टानं का विश्वास ठेवावा? आपण तरी ठेवतो का?

वकिलांनी टाइप केलेले कागद पुढं सरकवले आणि पेनाचं टोपण काढून दिलं. आबांनी चष्मा नीट बसवला, पहिला कागद डोळ्यांजवळ घेतला.

"मी जोतीराम..." ते पुटपुटत वाचू लागले.

सर्जेरावनं घड्याळ पाहिलं. मग पुढं वाकून, अगदी हळू, अदबीनं म्हणाला, "आबा, तुमी वाचू नका. सही करा."

आबांचं बोट ओळीवर थांबलं.

तोच आवाज होता. आपण ऐकला की नाही असा ज्याच्याबद्दल ते आताच स्वतःशी वाद घालत होते, तो आवाज शेजारच्या खुर्चीत बसून बोलला होता. चेंबरशी मनगट धरून बसलेला लहू, वळलेली मान, खाली आलेला सूर, सगळं जागच्या जागी येऊन बसलं. शंका घ्यायला जागाच उरली नाही, आणि त्याचीच त्यांना भीती वाटली.

पण आबा शूर नव्हते. ते म्हणाले, "चष्म्याचा नंबर बदललाय वाटतं. अक्षर पळतंय. घरी सावकाश वाचून देतो."

"सोमवारपर्यंत आणा मग," वकील म्हणाले. त्यांच्या हसण्यातला गोडवा जरा कमी झाला.

परतीच्या वाटेवर उसाच्या बैलगाड्या एकामागं एक लागल्या होत्या. जीप त्यांच्यामागं रांगत होती.

"आबा, डोळ्याचं आपरेशन कुणी केलं तुमचं?"

"तूच नेलंस."

"वाचनालयाच्या छपरावर पत्रं कुणी घातलं?"

"तूच की."

"मग?" सर्जेराव म्हणाला. रागानं नाही; दुखावल्यासारखा. थोड्या वेळानं त्यानं समोर बघतच जोडलं, "औंदा तुमच्या उसाला पाणी कमी पडू द्याचं न्हाय मला."

आबांनी मान डोलावली. दार हाताशी होतं आणि जीप माणसाच्या चालीनं चालली होती, तरी ह्यातनं उतरता येणार नाही असं त्यांना वाटलं.

घरी त्यांची बायको गोजरबाई भाकरी थापत होती. "केली का सही?"

"न्हाय."

"का?"

"वाचायचंय."

"सारा जलम वाचण्यातच गेला," ती म्हणाली. "अवो, सही करा आन् गप बसा. त्या लहूला कोर्ट हाय, सरकार हाय. आपल्याला कोण हाय? सर्जाच की. पाळी त्येच्या हातात, आजारी पडलो तर जीप त्येची. आन् तुमीच भंडारा लावलाय. आता तोंड उघडलं तर बिरोबा सोडंल का?"

"भंडारा मिटवायला असतो, गोजरे. हे मिटलंच न्हाय."

"मग लावला कशापायी?"

भाकरी तव्यावर करपली आणि तिनं तीच त्यांच्या ताटात वाढली.

शनिवारी त्यांनी लिहायला घेतलं. पहिला कागद नमस्कार-चमत्कारातच भरला. दुसऱ्यात त्यांनी आपण भित्रे कसे, हे इतकं सविस्तर लिहिलं की वाचून त्यांनाच आपली दया आली, तो फाडला. शेवटी थोडक्यात उरलं ते असं: "लहूस, मी तिथे होतो. दारात उभा होतो. सर्जेराव तुझ्या जातीवरून बोलला ते ऐकले, मारले ते पाहिले. त्याने मला पाहिले आणि 'आबा, तुमी वाचा' म्हणाला. नसलेल्या माणसाला असे कोणी म्हणत नाही. देवळात त्याने माफी मागितली नाही आणि तूही काही कबूल केले नाहीस. तुला तिथे बोलावले आणि भंडारा लावला, ही चूक माझी. हे सगळे कोर्टात सांगण्यास मी तयार आहे."

आता ते टाकायचं कुठं? गावातलं पोस्ट संभाजीच्या ओसरीवर होतं. संभाजी पोस्टमास्तर आणि सर्जेरावचा जिवलग. शिवाय प्रत्येक पाकिटावरचा पत्ता मोठ्यानं वाचायची त्याची खोड. आबा एसटीनं भिगवणला गेले. स्टेशनच्या वाटेवर लाल पेटी होती. आजूबाजूला पाहून त्यांनी कापडी पिशवीतून पाकीट काढलं, हात पेटीपर्यंत नेला...

"आबा! तुमी हितं कुठं?"

समोरच्या खानावळीच्या दारात सर्जेराव दात कोरत उभा होता. पाकीट पिशवीत परत गेलं.

"मासे..." आबा म्हणाले. "मासे घ्यायला."

"मासे? तुमी? काट्याला भिऊन सारं आयुष्य आमटीवर काढलं की!" सर्जेरावला मनापासून आनंद झाला. त्यानं स्वतः भाव करून चांगला जाडजूड रोहू घेतला, आबांच्या पिशवीत कोंबला आणि जीपमधून त्यांना घरापर्यंत आणून सोडलं. उतरताना म्हणाला, "सोमवारी सकाळी येतो. कागद तयार ठेवा."

गोजरबाईनं पिशवीत हात घातला. आधी मासा निघाला, मग पाकीट. तिला वाचता येत नव्हतं. "कुणाचं हे?"

"लहूला. उत्तर हाय."

तिनं पाकीट पदरानं पुसलं, चुलीच्या उबेला उभं करून ठेवलं आणि मासा चिरायला बसली. जेवताना तिनं काटे काढून तुकडे त्यांच्या ताटात ठेवले. मग वाळलेलं पाकीट त्यांच्या हातात देत म्हणाली, "वास मारतंय," आणि भांडी घेऊन बाहेर गेली.

रविवारभर आबा विचार करत होते. पुन्हा भिगवणला जाता आलं असतं, इंदापूरलाही. पण पेटीपाशी आपण चोरासारखं आजूबाजूला पाहिलं, ते काही केल्या त्यांच्या मनातून जाईना. वकील म्हणाला होता, लोकांसमक्ष बोललेलंच कोर्ट धरतं. सर्जेराव उघड्या वाटेवर, आपल्यासमक्ष बोलला होता. आणि आपण मात्र खरं सांगायचं, तेही पेटीत, लोकांकडं पाठ करून.

सोमवारी टपालाची थैली बांधायच्या वेळेला आबा संभाजीच्या ओसरीवर चढले. पेपर वाचायला आलेली चार माणसं बसली होती, त्यात बिरूही होता.

"या आबा, या. नवीन पुस्तक मागवताय काय?" संभाजीनं पाकीट घेतलं आणि सवयीनं मोठ्यानं वाचलं, "लहू तुकाराम..., मुक्काम बारामती..." आवाज शेवटी बारीक झाला. त्यानं पाकीट नाकाशी नेलं. "वास कसला वो हा?"

"माशाचा."

एकजण फिस्सकन हसला. बाकीचे हसले नाहीत.

"लहूला काय धाडताय?"

आबांनी ओसरीचा खांब धरला. "त्यानं इचारलं हुतं, मी तितं होतो का म्हणून. त्येचं उत्तर हाय. मी होतो. सर्जा त्येच्या जातीवरनं बोलला ते मी ऐकलंय."

पेपर खाली आले. बिरू विझलेली विडी निरखून पाहू लागला.

"आबा," संभाजी हळूच म्हणाला, "हे टाकलं की मागारी यायचं न्हाय. तुमची पाळी, तुमचं सगळं... सर्जेराव येतीलच आता. तवर आत बसा जरा. हा घ्या पेपर, वाचा."

रस्त्याच्या वळणावर जीपचा हॉर्न वाजला.

"मी उभाच हाय," आबा म्हणाले. "रजिस्टर कर. आन् पावती दे."

संभाजीनं रस्त्याकडं पाहिलं, ओसरीवरच्या माणसांकडं पाहिलं. तो सर्जेरावचा माणूस होता. पण पोस्टाच्या कामात कुणाचा बोल त्यानं आजवर लावून घेतला नव्हता, आणि ही माणसं बघत होती. त्यानं पावती लिहायला घेतली. सावकाश लिहिली, जमेल तितकी सावकाश. जीप ओसरीपुढं येऊन थांबली. दार उघडून सर्जेराव खाली उतरला. खिशाला पेन लावलेलं होतं.

"आबा, कागद घेतला का?"

आबा संभाजीच्या हाताकडं पाहत होते. हात उचलला गेला, क्षणभर तसाच राहिला आणि पाकिटावर शिक्का बसला. संभाजीनं पाकीट थैलीत टाकलं, वरून सुतळी आवळली आणि पावती आबांच्या हातात दिली.